हाड हवे, तर आधी रक्त हवे

2021 च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट ओसरू लागली, तेव्हा नागपुरात मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये, खासगी रुग्णालये आणि मेडिकलच्या आवारालगतचे शासकीय दंत महाविद्यालय या सगळ्यांकडे एक वेगळाच रुग्ण येऊ लागला. करोनातून तो बरा झालेला असे. बहुतेकदा त्याला मधुमेह असे आणि उपचारात स्टेरॉइड घेतलेले असे. कुणाचा एका बाजूचा गाल सुजलेला, कुणाच्या टाळूवर काळा डाग, कुणाचे वरचे तीन-चार दात एकदम हलायला लागलेले. दातांचेच दुखणे असेल म्हणून यातले कितीतरी जण आधी दंतवैद्याकडे गेले. सीटी स्कॅन झाल्यावर कळले की दातांना काही झालेले नाही, दात ज्यात रोवलेले आहेत ते हाडच मेलेले आहे.

हा म्युकरमायकोसिस. लोकांच्या तोंडी 'ब्लॅक फंगस' किंवा काळी बुरशी. जुलै 2021 च्या मध्यापर्यंत देशात याचे 45 हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि गुजरात व महाराष्ट्र ही राज्ये त्यात आघाडीवर होती. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक औषधांच्या दुकानांतून वणवण फिरत होते. 2021 च्याच मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले, तेव्हा विदर्भाला जरा हायसे वाटले. पण इंजेक्शनने बुरशी थांबते, मेलेले हाड जिवंत होत नाही. ते कापून काढावेच लागते. अशा शस्त्रक्रियांनंतर वरचा अर्धा जबडा, कधी सगळा जबडा, टाळू आणि दातांसकट गेलेली माणसे घरी परतली. जीव वाचला होता, पण पाण्याचा घोट घेतला की तो नाकातून बाहेर येत होता आणि बोललेले घरच्यांनाही समजत नव्हते.

जबड्यात पडलेली अशी पोकळी कशी भरायची, हा या लेखाचा विषय. प्रश्न सोपा वाटतो. खड्डा पडला, भराव घाला. बाजारात हाडाची भुकटी मिळते, टायटॅनियमच्या पट्ट्या मिळतात, त्रिमितीय छपाईने हुबेहूब जबडा बनवता येतो. तरीही जबड्याच्या शल्यचिकित्सकाला खड्डा केवढा आहे याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि बहुतेक वेळा तिच्यावरच पुढचा निर्णय ठरतो. त्या खड्ड्याच्या कडेला रक्त किती आहे?

म्युकरची बुरशी हाड मारते ती नेमकी याच वाटेने. ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी धरते आणि पुढचा रक्तप्रवाह बंद होतो. वरच्या जबड्याला एरवी इतके मुबलक रक्त मिळते की तिथले हाड सहसा कुजत नाही. 2021 मध्ये ते पटापट कुजले, कारण रक्ताची वाटच तुंबली होती.

हाड स्वतःला कसे भरते

हाड म्हणजे चुनखडीचा दांडा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते सतत मोडत आणि बांधले जात असलेले बांधकाम आहे. एका जातीच्या पेशी जुने हाड खातात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे रचतात. दात काढल्यावर मागे राहिलेला खड्डा पाहा. आधी त्यात रक्त साकळते. त्या गुठळीत भोवतालच्या भिंतींतून बारीक केशवाहिन्या शिरतात, त्यांच्या मागोमाग हाड रचणाऱ्या पेशी येतात आणि काही आठवड्यांत तिथे कोवळे हाड दिसू लागते. पेशीला जगायचे तर केशवाहिनी तिच्यापासून साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत असावी लागते. त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही. म्हणून रक्त आधी, हाड मागून, हा क्रम कुठेही बदलत नाही.

खड्डा एका मर्यादेपलीकडे मोठा झाला की ही युक्ती संपते. कडांकडून येणाऱ्या वाहिन्या मध्यापर्यंत पोचण्याआधीच तंतुमय ऊती ती जागा बळकावतात. मग तिथे कितीही थांबले तरी हाड तयार होत नाही. अशा वेळी बाहेरून काहीतरी घालावे लागते. घातलेल्या पदार्थाकडून तीन कामांची अपेक्षा असते. त्याने नव्या हाडाला चढायला सांगाडा द्यावा, आसपासच्या साध्या पेशींना हाड रचायला प्रवृत्त करावे आणि शक्य तर हाड रचणाऱ्या जिवंत पेशी सोबत आणाव्यात. तिन्ही कामे एकटे करणारा पदार्थ आजवर एकच सापडला आहे, रुग्णाचे स्वतःचे हाड.

पण स्वतःचे हाडही एका जागेवरून काढून दुसरीकडे नुसते ठेवले, तर पहिले काही दिवस ते उपाशीच असते. नागपुरी संत्र्याची कलमे बांधणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला की तो खुंटाच्या रसावर जगतो. खुंट रसरशीत असेल तर डोळा फुटतो, खुंट वाळका असेल तर डोळा कितीही चांगला निवडला तरी वाळून जातो. जबड्यातले कलमही असेच खुंटावर अवलंबून असते आणि इथे खुंट म्हणजे खड्ड्याच्या भिंती आणि वरून झाकणारी हिरडी.

लहान खड्डे: भिंतींच्या भरवशावर

दातांच्या दवाखान्यात रोज भेटणारे खड्डे लहान असतात. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे कृत्रिम दातासाठी हाडात इम्प्लांट बसवायचे असेल तर हे हाड राखावे लागते. अशा खड्ड्याला तीन-चार बाजूंनी जिवंत भिंती असल्याने रक्त हाताशी असते. तिथे भुकटीसारखा भराव पुरतो.

हा भराव चार ठिकाणांहून येतो. पहिला रुग्णाचाच, हनुवटीच्या किंवा अक्कलदाढेमागच्या हाडातून खरवडलेला. दुसरा दुसऱ्या माणसाचा. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये 1988 पासून ऊतिपेढी आहे. खुब्याचा सांधा बदलताना काढून टाकलेला हाडाचा गोळा एरवी फेकलाच गेला असता. तो दात्याच्या संमतीने घेऊन, धुऊन, गोठवून वाळवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिसरा प्राण्याचा, बहुधा गायीच्या हाडातले सगळे सेंद्रिय द्रव्य काढून उरलेला खनिज सांगाडा. आपल्याकडे हे रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घेणे फार गरजेचे आहे, कारण कित्येकांना ते धर्मभावनेमुळे चालणार नाही. 'बोन ग्राफ्ट घालतो' एवढेच ऐकून मान डोलावण्याऐवजी 'कशाचा?' असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. चौथा कारखान्यातला. हायड्रॉक्सिअॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि अमेरिकेत लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये शोधलेली, हाडाला चिकटणारी जैवकाच.

यातला पहिला सोडला तर बाकीचे प्रामुख्याने सांगाड्याचे काम करतात. पेशी आणि रक्त रुग्णानेच पुरवायचे असते. एक अडचण अशी की हिरडीच्या पेशी भराभर वाढतात आणि हाडाच्या पेशी संथ. मोकळी जागा दिसली की हिरडी आधी घुसते. म्हणून 1980 च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी मध्ये पातळ पडदा घालून हिरडीला अडवण्याची पद्धत रुजवली. पडद्याआड हाडाला सावकाश वाढायला निवांत जागा मिळते.

रुग्णाच्या दंडातून दहा-एक मिलिलिटर रक्त काढून, ते लगेच यंत्रात फिरवून त्याचा पिवळसर, लवचिक गोळा बनवण्याची रीतही आता शहरातल्या पुष्कळ दवाखान्यांत दिसते. फ्रान्सचे जोसेफ शूक्रून यांनी 2001 च्या सुमारास मांडलेले हे पीआरएफ. त्यात बिंबाणू आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात. त्याने जखम लवकर भरते, हिरडी छान जुळते. पण त्याच्या बळावर मोठी पोकळी हाडाने भरेल अशी आशा करू नये. रक्ताचा अर्क म्हणजे रक्तपुरवठा नव्हे.

तसेच एक आकर्षक प्रकरण प्रथिनाचे. 1965 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिले की क्षार काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत पुरले, तर जिथे हाडाचा काही संबंध नाही तिथेही नवे हाड तयार होते. त्या हाडात दडलेल्या प्रथिनाला पुढे बीएमपी हे नाव मिळाले. प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-2 ला अमेरिकेत 2007 मध्ये जबड्यातल्या काही ठरावीक कामांसाठी परवानगी मिळाली. ते महाग आहे, त्याने सूज भरपूर येते, आणि जिथे कॅन्सर होता तिथे वाढीला चालना देणारे द्रव्य घालायला कुणीही धजावत नाही.

लहान खड्ड्यांतली सगळ्यात सुरेख शस्त्रक्रिया मात्र मुलांवर होते. जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेल्या बाळाचा ओठ काही महिन्यांत शिवतात, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत. पण हिरडीतल्या हाडाची फट तशीच राहते. मूल आठ ते अकरा वर्षांचे झाले, वरचा सुळा उतरायच्या बेतात आला, की कमरेच्या हाडाच्या कडेतून, जिथे पट्टा टेकतो तिथून, आतला मऊ, स्पंजासारखा भाग चमच्याने काढून त्या फटीत भरतात. फिलिप बॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1972 मध्ये ही वेळ आणि ही रीत मांडली. पुढे काही महिन्यांत सुळा त्या नव्या हाडातून वाट काढत खाली येतो. आणि दात उतरला म्हणूनच ते हाड टिकते, कारण वापरात नसलेले हाड शरीर झिजवून टाकते. सुळा उतरून गेल्यावर हीच शस्त्रक्रिया केली तर यशाचे प्रमाण घटते, म्हणून पालकांनी हे वय हातचे जाऊ देऊ नये.

खर्रा आणि खालचा जबडा

नागपुरात मोठा खड्डा म्हटला की म्युकरच्या आधीपासून एकच कारण डोळ्यांपुढे येते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटलेला खर्रा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र चालूच आहे. तो चघळून गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत ठेवायची सवय असते. म्हणून कॅन्सरही तिथेच उगवतो, आणि तिथून हाड दोन-चार मिलिमीटरवर असते. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो, मेडिकल असो की जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, गाठ हाडाला भिडली असेल तर जबड्याचा तुकडा कापावाच लागतो. कॅन्सर नसलेली अमेलोब्लास्टोमासारखी गाठही असेच करायला लावते. ती शरीरात पसरत नाही, पण जबडा आतून पोखरते आणि नुसती खरवडली तर पुन्हा उगवते. म्हणून भोवतीच्या निरोगी हाडाची सेंटिमीटरभर कड घेऊन ती काढतात.

खालचा जबडा म्हणजे दोन्ही कानांजवळ टांगलेली कमान. बाजूचा तुकडा गेला तर हनुवटी त्या बाजूला सरकते, दात जुळत नाहीत. पुढचा, हनुवटीचा तुकडा गेला तर जिभेचा आधार जातो, लाळ गळत राहते, झोपेत श्वास अडतो. अमेरिकी चित्रपट्टीतल्या हनुवटी नसलेल्या अँडी गंप या पात्राचे नाव डॉक्टर या अवस्थेला देतात. पुढची कमान त्यामुळे कशीही करून उभारावीच लागते.

टायटॅनियमची पट्टी बसवून चालणार नाही का? काही वर्षे चालतेही. पण चावण्याचा ताण रोज पडत राहिला की पट्टी थकते, स्क्रू सैल होतात, कधी पट्टी गालाच्या कातडीतून बाहेर डोकावते. कमरेच्या हाडाचा नुसता ठोकळा? साधारण 5-6 सेंटिमीटरपर्यंतच्या पोकळीत, भोवतालची ऊती निरोगी असेल तर तो जगतो. त्यापेक्षा मोठ्या पोकळीत, किंवा जिथे कॅन्सरसाठी किरणोपचार होणार आहेत तिथे, त्याचा भरवसा धरता येत नाही. किरणोपचार बारीक रक्तवाहिन्या आक्रसून टाकतात. म्हणजे खुंटच वाळतो.

इथे शल्यचिकित्सेने विचार बदलला. खुंटाकडे रक्त नसेल, तर हाड आपले रक्त सोबत घेऊन येऊ दे.

पायातले हाड तोंडात

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. पुढची जाड नडगी शरीराचा जवळपास सगळा भार पेलते. बाहेरच्या बाजूला तिला लगटून असलेले बारीक हाड म्हणजे फिब्युला. घोट्याजवळचे 6-7 सेंटिमीटर आणि गुडघ्याजवळचे तितकेच सोडले, तर मधला 20-25 सेंटिमीटरचा भाग काढला तरी माणूस चालू-फिरू शकतो. या हाडाला लागून एक धमनी आणि तिच्या दोन शिरा उतरतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला इयान टेलर यांनी 1975 मध्ये हे हाड रक्तवाहिन्यांसकट काढून मोडक्या पायासाठी वापरले. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये त्यापासून खालचा जबडा घडवून दाखवला. आज जगभर मोठ्या जबड्याची पोकळी भरायची तर पहिली निवड हीच, आणि आता ती विदर्भातही होते.

आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी होते. काही माणसांत पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः याच धमनीवर चालतो. ती काढली तर पाऊल धोक्यात येईल. तो पाय मग सोडून द्यावा लागतो. हिरवा कंदील मिळाला की ऑपरेशन थिएटरमध्ये दोन पथके एकाच वेळी काम करतात. वरचे पथक जबड्यातली गाठ आणि मानेतल्या लसिकाग्रंथी काढते, खालचे पथक पायातून हाड सोडवते. सोबत कातडीचा एक लंबगोल तुकडा घेतात. गालाचे किंवा तोंडातले अस्तर गेले असेल तर तोच तिथे बसवायचा असतो.

हाड सरळ, जबडा वळणदार. म्हणून हाड अजून पायातल्या धमनीला जोडलेले असतानाच त्याला करवतीने पाचरीसारखे काप देऊन वाकवतात. हाडावरचे आवरण मात्र शाबूत ठेवतात, कारण रक्त त्या आवरणातून येते. तुकडे फार लहान केले, साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड, तर त्यांचे रक्त तुटण्याची भीती असते. पूर्वी हे वळण डोळ्यांच्या अंदाजाने द्यायचे. आता सीटी स्कॅनवरून संगणकात जबडा आणि पाय दोन्ही उभे करतात, काप कुठे कोणत्या कोनात घ्यायचे ते ठरवतात आणि करवत त्याच खाचेतून जाईल अशी छापील साचपट्टी बनवून घेतात. टायटॅनियमची पट्टीही छापील जबड्यावर आधीच वाकवून तयार ठेवता येते. अशा तयारीने थिएटरमधला वेळ वाचतो आणि जबड्याची रेघ नेमकी जुळते.

मग धमनी कापतात. त्या क्षणापासून हाड उपाशी. ते तोंडात बसवून, पट्टीला स्क्रूने जखडून, त्याची धमनी मानेतल्या धमनीला आणि शिरा मानेतल्या शिरेला जोडायची. या नळ्या दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने, नळीच्या कडेने आठ-दहा टाके. चिमटे सोडले की पांढुरका पडलेला कातडीचा तुकडा हळूहळू गुलाबी होतो आणि हाडाच्या कापलेल्या टोकातून रक्त झिरपू लागते. ते दिसेपर्यंत खोलीत कुणी फारसे बोलत नाही.

धोका पुढच्या दोन-तीन दिवसांत असतो. निवासी डॉक्टर आणि परिचारिका पहिले चोवीस तास जवळजवळ दर तासाला त्या कातडीकडे पाहतात. ती पांढरी, थंड पडली तर धमनी तुंबली. निळसर होऊन फुगली तर शीर तुंबली, आणि हे जास्त वेळा घडते. शंका आली तर सुई टोचतात. लालभडक रक्त आले तर ठीक, काळपट रक्त भळाभळा आले किंवा काहीच आले नाही तर रुग्णाला रात्री-अपरात्री पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. काही तासांत जोड मोकळा केला तर बहुतेकदा हाड वाचते. सरावलेल्या केंद्रांत अशी शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास हाडे जगतात.

फिब्युलाला मर्यादा आहेतच. तिची उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास, तर दात असलेल्या जबड्याची त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून तरुण रुग्णात, विशेषतः गाठ कॅन्सरची नसेल तेव्हा, हाड दुमडून दुपदरी बसवतात, जेणेकरून वर दात बसवता येतील. खालच्या ओठाची संवेदना बहुधा जाते, कारण तिची नस कापलेल्या जबड्याच्या हाडातूनच जाते. काही रुग्णांच्या पायाचा अंगठा काही काळ नीट उचलला जात नाही. वय जास्त, हृदय अशक्त किंवा पायाच्या वाहिन्या खराब असतील तर आठ-दहा तासांची ही शस्त्रक्रिया झेपत नाही. अशा वेळी छातीवरचा स्नायू कातडीसकट वर आणून तोंड झाकतात. त्यात हाड नसते, पण जखम भरते आणि किरणोपचार वेळेवर सुरू होतात. कॅन्सरमध्ये ही वेळ सांभाळणे फार महत्त्वाचे. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावेत, असा प्रयत्न असतो.

वरचा जबडा: हाड न भरताही

आता म्युकरच्या रुग्णांकडे वळू. वरच्या जबड्यावर चावण्याचा ताण वेगळ्या तऱ्हेने येतो आणि त्याचे मुख्य काम तोंड आणि नाक यांच्यात भिंत घालणे हे आहे. म्हणून पहिला उपाय शतकानुशतके जुनाच आहे, ऑब्च्युरेटर. कवळीलाच वरून उंचवटा जोडतात आणि तो टाळूचे भोक बुजवतो. दंत महाविद्यालयातल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागात त्याचा ठसा घेतात. तो घातला की रुग्णाला लगेच पाणी पिता येते, बोलणे समजते. बुरशी पुन्हा डोके वर काढते का, हे तो काढून आत पाहता येते, हा मोठा फायदा. पण सगळे दात गेले असतील तर त्याला पकडायला काही उरत नाही, आणि जड ऑब्च्युरेटर सुटून पडतो.

इथे गालाचे हाड उपयोगी पडते. म्युकरमध्ये ते पुष्कळदा वाचलेले असते. साधे दंत इम्प्लांट 8 ते 16 मिलिमीटर लांबीचे असते. गालाच्या हाडात जाणारे झायगोमॅटिक इम्प्लांट 30 ते 50 मिलिमीटरचे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी 1950 च्या दशकात सशाच्या पायात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झाल्याचे पाहिले होते. 1965 मध्ये त्यांनी माणसात पहिले इम्प्लांट बसवले आणि ही लांब इम्प्लांटेही त्यांचीच कल्पना. दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार खांब रोवले की त्यावर दातांची पूर्ण कमान बसते, मधे हाड नसले तरी. जिथे तेही शक्य नसते तिथे त्या एका रुग्णाच्या स्कॅनवरून टायटॅनियमची चौकट छापून घेतात आणि उरलेल्या निरोगी हाडावर स्क्रूने बसवतात. फिब्युला इथेही वापरता येते. मात्र मधुमेही रुग्णात आधी साखर आवरायची, बुरशी पूर्ण संपल्याची खात्री करायची, त्यासाठी काही महिने थांबायचे, आणि मगच हे काम हाती घ्यायचे.

हाड ताणून वाढवणे

आणखी एक पद्धत बाहेरून काहीच घालत नाही. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गावरिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकापासून पायाचे हाड कापून, कापलेली टोके रोज थोडी थोडी लांब नेत नवे हाड मिळवले. जबड्यासाठी ही रीत न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी 1992 मध्ये मुलांवर मांडली. कापानंतर पाच-सात दिवस थांबायचे, मग स्क्रू फिरवत रोज एक मिलिमीटर. घाई केली तर मधे तंतू भरतात, फार हळू केले तर काप सांधून जातो. ताणल्या जाणाऱ्या फटीत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हाड त्यांच्या मागे धावते, आणि भोवतीचे स्नायू, कातडीही सोबत वाढते.

आपल्याकडे याचा खरा उपयोग लहानपणी हनुवटीवर पडलेल्या मुलांना होतो. मूल झाडावरून, पायरीवरून, बैलगाडीवरून पडते, हनुवटीला टाके घातले जातात, पण कानापुढचा सांधा मोडला हे लक्षात येत नाही. तो सांधा पुढे गोठतो, तोंड उघडेनासे होते, जबडा वाढत नाही आणि मूल रात्री घोरत, श्वास अडत झोपते. सांधा मोकळा करून जबडा ताणून पुढे आणला की श्वासाची वाट रुंद होते. हनुवटीला मार लागलेल्या मुलाचा कानापुढचा एक्स-रे काढून घेतला, तर यातले बरेच टळते.

रुग्णाच्या हातात काय

एवढे सगळे करून हाड बसले, एक्स-रेत छान दिसले, तरी काम पुरते होत नाही. रुग्णाला पोळी, भाकरी चावता आली पाहिजे. दात बसवायची योजना म्हणूनच शस्त्रक्रियेआधीच ठरवलेली बरी. हाड कुठे बसेल हे दात कुठे हवेत त्यावरून ठरवावे, उलट नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात, पण पुढचे इम्प्लांट आणि दात त्यात बसतात का, हे दाखल होण्याआधीच रुग्णालयाच्या योजना-कक्षात विचारून घ्यावे. शल्यचिकित्सकालाही तीन प्रश्न विचारावेत. घालणार ते हाड किंवा भराव कुणाचा? त्याला रक्त कुठून मिळणार? दात केव्हा आणि कशावर बसणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर वैतागत नाही.

बाकीचे रुग्णाने आणि घरच्यांनी सांभाळायचे. तंबाखू आणि बिडी-सिगारेट रक्तवाहिन्या आक्रसवतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासून बंद, आणि नंतर कायमची बंद. साखर आटोक्यात. किरणोपचार होणार असतील तर किडलेले दात त्याआधीच काढून घ्यायचे, कारण नंतर त्या रक्त आटलेल्या हाडातून दात काढला तर जखम भरत नाही आणि जबडा सडू लागतो. तोंडातला पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कमी कमी होत चाललेले तोंडाचे उघडणे, यातले काहीही दिसले की मेडिकलजवळच्या दंत महाविद्यालयात किंवा कुठल्याही चांगल्या दंतवैद्याकडे जाऊन दाखवावे. हाडापर्यंत न पोचलेली गाठ काढताना बहुतेक वेळा जबडा शाबूत राहतो किंवा त्याची वरची कडच काढावी लागते. तिथे पायातले हाड, सूक्ष्मदर्शक आणि दहा तासांची शस्त्रक्रिया यांची गरजच पडत नाही.